सहा मतांचे अंतर

१,९६,९६४ आणि १,९६,९५८. आयोवा राज्याच्या दुसऱ्या मतदारसंघातून अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात कोणी जायचे, याचा २०२० सालचा अधिकृत निकाल हा असा लागला. रिपब्लिकन पक्षाच्या मॅरिअनेट मिलर-मीक्स सहा मतांनी निवडून आल्या आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या रिटा हार्ट सहा मतांनी पडल्या. प्रतिनिधिगृहाची इतकी अटीतटीची निवडणूक १९८४ नंतर अमेरिकेत झालेली नव्हती. अशा निकालातून जो तो एकच बोध काढतो, की प्रत्येक मत मोलाचे असते. तो खोटा नाही, पण तो आठवडा आणि त्यानंतरचे पाच महिने जवळून पाहिल्यावर मला तो फार अपुरा वाटू लागला. दोन उमेदवारांत इतके कमी अंतर उरते, तेव्हा मतदाराचा कौल जवळजवळ बाजूला पडतो आणि मोजणारे हात, पाकिटांचे नियम, कागद जमा करण्याच्या मुदती आणि ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे हा प्रश्न, एवढेच समोर राहते.

मी तेव्हा त्या मतदारसंघात राहत होते, पण मला मत नव्हते. मिसिसिपीकाठच्या डेव्हनपोर्ट परिसरात मराठी बोलणारी माणसे भेटणे नवलाचे नाही. नदीपलीकडे, इलिनॉय राज्यातल्या मोलीन गावात, जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीचे मुख्यालय आहे आणि त्याच कंपनीचे पुण्यात मगरपट्ट्याला तंत्रज्ञान केंद्र आणि सणसवाडीला कारखाना आहे. त्यामुळे पुण्याहून तिकडे कामानिमित्त गेलेली कुटुंबे त्या गावांत विखुरलेली असतात. व्हिसावर राहणाऱ्याला निवडणूक ही शेजारच्या घरातल्या लग्नासारखी असते: मांडव दिसतो, सनई ऐकू येते, पण पंगतीत आपले पान नसते. त्याचा एक फायदा असा, की कोण जिंकावे याची तगमग थोडी कमी असते आणि लग्न लावतात कसे, हे निवांत पाहता येते.

आयोवा हे मक्याचे, सोयाबीनचे आणि डुकरांचे राज्य. माणसे सुमारे ३२ लाख आणि डुकरे दोन कोटींच्या वर. राज्यात ९९ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत, आणि तिथल्या मतदारसंघांच्या सीमा कोणत्याही पक्षाचे नेते नव्हे, तर विधिमंडळाच्या सेवेतले निःपक्ष कर्मचारी आखतात. काँग्रेसच्या मतदारसंघासाठी एकही काउंटी मधोमध कापायची नाही, असा दंडक आहे. त्यामुळे दुसरा मतदारसंघ म्हणजे राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या पूर्ण २४ काउंट्या होत्या. त्यात डेव्हनपोर्ट होते, विद्यापीठाचे आयोवा सिटी होते, डुकराच्या मांसाच्या मोठ्या कारखान्यावर जगणारे ओटम्वा होते, आणि मेटॅग कंपनीचा कपडे धुण्याच्या यंत्रांचा कारखाना २००७ साली बंद पडल्यावर स्वतःला पुन्हा उभे करू पाहणारे न्यूटन होते. शिवाय फेअरफील्डही होते, जिथे १९७४ पासून महर्षी महेश योगींचे विद्यापीठ आहे आणि मक्याच्या शेतांमध्ये ध्यानधारणेसाठी बांधलेले दोन सोनेरी घुमट उभे आहेत. आपल्याकडचा पाहुणा आला की त्याला ते घुमट दाखवायला नेण्याचा प्रघात तिकडच्या भारतीय मंडळींत आहे.

राजकारणाचे गणित सांगायला सोपे आणि जुळवायला अवघड होते. आयोवा सिटीच्या जॉन्सन काउंटीतून डेमोक्रॅट उमेदवाराला भरघोस आघाडी मिळते, बाकीच्या ग्रामीण काउंट्या ती कुरतडत जातात, आणि शेवटी काय उरते यावर निकाल ठरतो. या जागेचे डेमोक्रॅट खासदार डेव्ह लोबसॅक यांना ते गणित २००६ पासून जमत आले होते. त्या वर्षी त्यांनी तीस वर्षे खासदार असलेल्या जिम लीच यांना हरवले होते. पण २०१६ मध्ये हाच मतदारसंघ डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाजूला गेला. ओटम्वाची वपेलो काउंटी तर १९७२ नंतर प्रथमच रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराकडे वळली. कारखान्यातल्या कामगार संघटनेच्या जोरावर वर्षानुवर्षे एका पक्षाला मत देणारी घरे डोळ्यांदेखत बदलली, आणि २०२० ची निवडणूक आपण लढवणार नाही, असे लोबसॅक यांनी २०१९ मध्ये जाहीर केले तेव्हा त्या जागेचे काय होणार, हे कोणालाच सांगता येईना.

दोन्ही उमेदवार त्या मातीतल्या होत्या. मिलर-मीक्स नेत्रतज्ज्ञ; अठराव्या वर्षी लष्करात भरती झालेल्या, आधी परिचारिका आणि मग डॉक्टर झालेल्या, ओटम्वात व्यवसाय केलेल्या. याच जागेसाठी २००८, २०१० आणि २०१४ अशा तीन वेळा त्या लोबसॅक यांच्याकडून हरल्या होत्या. चौथ्यांदा उभे राहायला चिकाटी लागते की हट्ट, हे ज्याने त्याने ठरवावे. रिटा हार्ट शिक्षिका, क्लिंटन काउंटीतल्या व्हीटलँड गावाजवळ नवऱ्याबरोबर शेती करणाऱ्या, राज्याच्या सिनेटमध्ये काम केलेल्या, आणि २०१८ साली उपराज्यपालपदासाठी लढून हरलेल्या. एकीला डॉक्टर म्हणून तर दुसरीला शाळेतल्या बाई म्हणून ओळखणारी माणसे या काउंट्यांत होती. प्रचारातल्या जाहिराती तेवढ्या बाहेरून आलेल्या पैशांवर चालल्या आणि त्यांत दोघींचाही चेहरा ओळखू येऊ नये इतका काळवंडलेला असे.

कोविडमुळे त्या वर्षी टपाली मतदानाचा पूर आला. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी त्या ओसरीवर आपली मतपत्रिका घेऊन बसल्या होत्या आणि मी अंगणाच्या कडेला अंतर राखून उभी होते. एवढी लांबलचक मतपत्रिका मी आयुष्यात पाहिली नव्हती. अध्यक्षापासून सुरुवात, मग सिनेट, मग ही प्रतिनिधिगृहाची जागा, मग राज्याचे विधिमंडळ, काउंटीची पदे, पाठीमागे न्यायाधीशांना कायम ठेवायचे की नाही याचे प्रश्न, आणि जमिनीची धूप व पाणी यांची काळजी वाहणाऱ्या मंडळाचे सदस्यसुद्धा. शेतीच्या राज्यात मातीसाठीही निवडणूक होते, याचे मला फार अप्रूप वाटले. प्रत्येक नावापुढे एक छोटा लंबगोल. तो काळ्या शाईने पूर्ण भरायचा. त्यांनी तो शाळेतल्या मुलाचा पेपर तपासावा इतक्या मन लावून भरला. मग मतपत्रिका घडी करून गोपनीयतेच्या वेष्टनात, ते वेष्टन प्रतिज्ञापत्र छापलेल्या पाकिटात, पाकिटावर सही, पाकीट घट्ट बंद, आणि तेही पुन्हा परतीच्या पाकिटात. जीभ लावून डिंक ओला करायची त्या दिवसांत सोय नव्हती, म्हणून बाईंनी वाटीत भिजवलेला स्पंज घेतला होता. पाकीट बंद झाल्यावर तिन्ही कडांवरून त्यांनी नखाने रेघ ओढली, उन्हाकडे धरून पाहिले आणि पुन्हा एकदा ओढली. मला ते जरा अतीच वाटले. पुढे ज्या मतपत्रिकांवरून वॉशिंग्टनपर्यंत भांडण गेले, त्यांतल्या काहींचा दोष एवढाच होता, की त्यांची पाकिटे नीट चिकटलेली नव्हती.

मतदान ३ नोव्हेंबरला झाले. पहिल्या बेरजांनुसार मिलर-मीक्स २८२ मतांनी पुढे होत्या. मग जॅस्पर काउंटीत एका मतदानकेंद्राचे आकडे भरताना चूक झाल्याचे ध्यानात आले; ती दुरुस्त केल्यावर हार्ट १६२ मतांनी पुढे गेल्या. एका चुकीने ४४४ मतांचा फरक पडला. दोन-चार दिवसांत लुकस काउंटीतली चूक उघडकीला आली. तिथल्या एका केंद्राची मते एकूण बेरजेत आलीच नव्हती. ती धरल्यावर मिलर-मीक्स पुन्हा पुढे, पण आता जेमतेम तीसएक मतांनी. राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट पॉल पेट यांनी या दोन्ही काउंट्यांत तपासणीचे आदेश दिले. आपल्याकडे मुख्य निवडणूक अधिकारी जे काम पाहतो ते काम पाहणारा हा माणूस स्वतः पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो, आणि काउंटीतला ऑडिटर, ज्याच्या हाती मतपेट्या असतात, तोही. पुण्याहून आलेल्या माणसाला हे ऐकून धडकीच भरते. पण दोन्ही वेळा चूक कोणी दडवली नाही. बेरीज तपासताना कोणाच्या तरी लक्षात आले आणि ते जाहीर झाले. जॅस्परमधल्या चुकीने रिपब्लिकन उमेदवाराची आघाडी गेली, लुकसमधल्या चुकीने डेमोक्रॅट उमेदवाराची. त्या दिवसांत कट-कारस्थानाच्या गोष्टींनी सगळे वातावरण भरलेले असताना, या दोन कंटाळवाण्या दुरुस्त्यांबद्दल मला आदर वाटला, आणि अजूनही वाटतो.

सर्व काउंट्यांची अधिकृत पडताळणी झाली तेव्हा अंतर ४७ मतांचे होते. हार्ट यांनी सर्व २४ काउंट्यांत फेरमोजणी मागितली. आयोवाच्या तेव्हाच्या कायद्यानुसार प्रत्येक काउंटीत तीन जणांचे मंडळ बसे: एक सदस्य एका उमेदवाराचा, एक दुसऱ्याचा, आणि तिसरा दोघांना मान्य असलेला. ही माणसे त्याच गावातली; एखादा निवृत्त वकील, एखादी माजी कारकून. मोजायचे कसे हेही मंडळानेच ठरवायचे. म्हणून कुठे सगळ्या मतपत्रिका पुन्हा यंत्रातून गेल्या, कुठे हाताने मोजल्या, कुठे दोन्हींची सरमिसळ झाली. हा फरक बारीक वाटतो, पण नसतो. एखाद्याने लंबगोल भरण्याऐवजी नावाभोवती वर्तुळ काढले असेल, तर यंत्र त्या जागी कोरा कागद पाहते आणि माणूस मत पाहतो. म्हणजे एकाच मतदारसंघात, एकाच निवडणुकीत, तुमची खूण मत ठरेल की नाही हे तुम्ही कोणत्या काउंटीत राहता यावर अवलंबून होते. आमच्या स्कॉट काउंटीत तर फेरमोजणीत टपाली मतपत्रिकांची एकूण संख्याच आधीपेक्षा शंभराहून जास्त भरली. त्या आधी कुठे होत्या, की आधीची मोजणी चुकली होती, की आत्ताची, यावर मंडळात आणि काउंटीत बराच वाद झाला आणि दिलेली मुदत संपली. ३० नोव्हेंबरला राज्याने निकालावर शिक्का मारला. ४७ चे सहा झाले होते.

मी व्यवसायाने मोजमापाच्या क्षेत्रातली आहे. यंत्राच्या भागाचे माप घेताना आम्ही आधी एक प्रश्न विचारतो: हे माप पुन्हा घेतले तर किती फरक पडेल? तो फरक जर शोधायच्या अंतरापेक्षा मोठा असेल, तर त्या मापाला अर्थ नसतो. इथे पहिली दुरुस्ती ४४४ मतांची, दुसरी दोनशेच्या आसपासची, फेरमोजणीने हललेली मते ४१, आणि उरलेले अंतर सहा. मोजमापाच्या भाषेत उत्तर स्पष्ट आहे, की ही निवडणूक बरोबरीत सुटली. पण खुर्ची एकच असते आणि कायद्याला ‘बरोबरी’ फक्त आकडे तंतोतंत जुळले तरच कळते. न्यू हॅम्पशायरमध्ये १९७४ साली सिनेटच्या जागेसाठी असेच झाले होते. आधी लुई वायमन ३५५ मतांनी पुढे, फेरमोजणीनंतर जॉन डर्किन दहा मतांनी, आणखी एका तपासणीनंतर वायमन दोन मतांनी. सिनेटला महिनोन्‌महिने निर्णय घेता आला नाही, शेवटी जागा रिकामी जाहीर करून सप्टेंबर १९७५ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि डर्किन २७ हजारांच्या फरकाने निवडून आले. ज्यांना कौल द्यायचा त्यांनाच पुन्हा विचारण्याचा हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. आयोवात तो कोणी फारसा सुचवलाही नाही.

हार्ट यांच्यापुढे दोन वाटा होत्या. राज्याच्या कायद्यानुसार आयोवाचे सरन्यायाधीश आणि चार जिल्हा न्यायाधीश अशा पाच जणांच्या न्यायालयापुढे जाता येत होते, पण त्या न्यायालयाला ८ डिसेंबरपर्यंत, म्हणजे आठवड्याभरात, निकाल द्यावा लागला असता. दुसरी वाट थेट प्रतिनिधिगृहाची होती, कारण अमेरिकी राज्यघटनेने प्रत्येक सभागृहाला आपल्या सदस्यांच्या निवडीचा अंतिम न्यायाधीश केलेले आहे. वेळ अपुरा असल्याचे सांगून हार्ट यांनी दुसरी वाट धरली आणि डिसेंबरमध्ये सभागृहाकडे अर्ज केला. २२ वैध मतपत्रिका चुकीने मोजणीबाहेर राहिल्या, त्या धरल्या तर आपण नऊ मतांनी जिंकतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मतपत्रिकांमागे माणसे होती, त्यांनी वेळेत मत दिले होते, आणि त्यांच्यापैकी कोणीही लबाडी केल्याचा आरोप नव्हता. तरीही पहिली वाट सोडणे ही मला मोठी चूक वाटते. आठवड्याभरात पाच न्यायाधीशांनी अर्धवट का होईना, पण या मतपत्रिका पाहून काही लिहून ठेवले असते, तर पुढच्या भांडणाला जमीन मिळाली असती. सभागृहात डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत २२२ विरुद्ध २१३ असे निसटते होते. ज्याला जागा हवी आहे त्यालाच न्यायाधीश नेमल्यावर न्याय झाला तरी तो दिसत नाही.

त्यात काळ वाईट होता. ३ जानेवारी २०२१ ला मिलर-मीक्स यांना तात्पुरते म्हणून सभागृहात बसवण्यात आले आणि तीनच दिवसांनी संसदेच्या इमारतीवर जमाव चालून गेला. राज्यांनी शिक्का मारलेले निकाल माना, असे ज्या डेमोक्रॅटिक पक्षाने सगळ्या देशाला बजावले होते, त्याच पक्षापुढे राज्याने शिक्का मारलेला एक निकाल फिरवण्याचा अर्ज पडून होता. जुन्या खासदारांना इंडियाना आठवत होते. १९८४ च्या निवडणुकीत तिथल्या आठव्या मतदारसंघात राज्याने रिपब्लिकन रिक मॅकइंटायर यांना विजयी ठरवले, पण लिऑन पनेटा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पुन्हा मोजणी करून डेमोक्रॅट फ्रँक मॅक्लॉस्की यांना चार मतांनी विजयी ठरवले आणि १ मे १९८५ रोजी बहुमताच्या जोरावर सभागृहाने त्यांना जागा दिली. रिपब्लिकन सदस्य सभात्याग करून बाहेर पडले, आणि त्या दिवसाची कटुता पुढे वर्षानुवर्षे पुरली. मार्च २०२१ मध्ये सभागृहाच्या समितीने सहा विरुद्ध तीन अशा पक्षनिहाय मतांनी हार्ट यांचा अर्ज जिवंत ठेवला खरा, पण मिनेसोटाचे डीन फिलिप्स यांच्यासारखे डेमोक्रॅट खासदारच उघडपणे म्हणू लागले, की सहा मतांनी हरणे दुःखाचे आहे, पण सभागृहाने तो निकाल उलटवणे देशाला अधिक दुःखाचे ठरेल. ३१ मार्चला हार्ट यांनी अर्ज मागे घेतला. त्या २२ मतपत्रिकांवर गुणदोषांच्या आधारे निर्णय कोणत्याच न्यायालयाने किंवा समितीने दिला नाही.

मुंबईत २०२४ साली लोकसभेच्या उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल लागला, तेव्हा मला हे सगळे पुन्हा आठवले. रवींद्र वायकर ४,५२,६४४, अमोल कीर्तिकर ४,५२,५९६, अंतर ४८. मतदानयंत्रांवरच्या मोजणीत कीर्तिकर एका मताने पुढे होते आणि टपाली मतांनी ते चित्र फिरवले. यंत्र कितीही निर्विकार असले, तरी काठावरची निवडणूक शेवटी पाकिटावर येऊन ठेपते, मग ते ओटम्वाचे असो की गोरेगावचे. फरक पुढे आहे. आपल्याकडे असा वाद १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार उच्च न्यायालयात जातो, लोकसभेत नव्हे. कीर्तिकर यांची याचिकाही मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. तो निर्णय कोणाला पटो वा न पटो, कारणे कागदावर आहेत आणि ती वाचून त्यांच्याशी वाद घालता येतो.

मिलर-मीक्स नंतर नव्या सीमांनुसार पहिल्या मतदारसंघातून उभ्या राहू लागल्या. २०२२ ची लढत त्यांनी सहज जिंकली. २०२४ मध्ये त्यांच्यासमोर पुन्हा आयोवा विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापिका क्रिस्टिना बोहॅनन होत्या, आणि चार लाखांहून अधिक मतांत अंतर सुमारे आठशेचे राहिले. फेरमोजणी झाली, आकडा जवळजवळ हललाच नाही, आणि प्रकरण तिथेच मिटले. त्यानंतर २०२५ मध्ये आयोवाने फेरमोजणीचा कायदाच बदलला. आता काउंटीतली ती तीन जणांची मंडळे गेली, काम ऑडिटरकडे आले, आणि केंद्रीय पदांसाठी अंतर ०.१५ टक्क्यांच्या आत असेल तरच फेरमोजणी मागता येते. बोहॅनन यांचे अंतर ०.१९ टक्के होते, म्हणजे नव्या नियमात त्यांना मागणीही करता आली नसती. सगळीकडे एकाच पद्धतीने मोजणी व्हावी, हा हेतू योग्य आहे आणि २०२० चा गोंधळ पाहिलेल्या कोणालाही तो पटेल. पण ज्या कार्यालयाने आधी मोजले त्यानेच पुन्हा मोजायचे, आणि हरलेल्या बाजूचा माणूस टेबलाशी बसलेला नसायचा, हे मला पटत नाही. सहा मतांचा तो निकाल आयोवाच्या लोकांनी अखेर पचवला, त्यात या बसलेल्या माणसाचा वाटा मोठा होता. घरी जाऊन तो आपल्या लोकांना सांगू शकत होता, की मी तिथे होतो आणि कागद माझ्या हातून गेले आहेत.